नवा रंग बिघडतो तेव्हा

जुन्या गाडीच्या मालकाला रंगकामानंतर गॅरेजमध्ये हमखास ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, "साहेब, पत्राच जुना आहे." पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा एखादी जीप कित्येक महिने डेंटिंग-पेंटिंगला उभी राहते. खर्च ठरल्यापेक्षा वाढतो. गाडी घरी येते तेव्हा तिच्यावरून नजर हलत नाही. मग एक पावसाळा जातो आणि दाराच्या खालच्या कडेला बारीक फोड दिसू लागतात, किंवा बॉनेटवर खड्डा भरलेल्या लांबीचा काठ वर उमटतो. मालक म्हणतो, रंग हलका वापरला. गॅरेजवाला म्हणतो, पत्रा जुना, हवा खारी, मी काय करणार? वाद तिथेच अडतो, कारण दोघंही वरच्या रंगाबद्दल बोलत असतात. दोष मात्र बहुतेक वेळा रंगाच्या खाली असतो.

अशा वादातून मार्ग काढायचा असेल तर मालकाने आवाज चढवण्याआधी एक गोष्ट करायला हवी. दोष नेमका कोणत्या थरात आहे ते ओळखायला हवं. थर कळला की कारण कळतं. कारण कळलं की जबाबदारी कोणाची ते ठरतं, आणि दुरुस्ती पॉलिशने होईल की पत्र्यापर्यंत खरवडावं लागेल, तेही कळतं.

पत्र्यावर काय काय असतं

एकेकाळी मोटारींना ब्रशने व्हार्निश लावत, आणि ते वाळायला दिवसच्या दिवस जात. १९२० च्या दशकात अमेरिकेत नायट्रोसेल्युलोज लॅकर आला. ड्यूपाँचा 'ड्यूको' हा त्यातला प्रसिद्ध रंग. १९२४ च्या हंगामातल्या जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो निळ्या छटेत आला आणि काही तासांत वाळणारा रंग मोटार उद्योगाला मिळाला. पुढे अल्किड जातीचे सिंथेटिक इनॅमल आले. त्यानंतर ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन आले. रंग आणि हार्डनर मिसळून मारायचे हे रंग गॅरेजात 'टू-के' किंवा 'पीयू' म्हणून ओळखले जातात.

हे तिन्ही रंग वेगवेगळ्या तऱ्हेने वाळतात. लॅकर फक्त थिनर उडून गेल्यामुळे वाळतो, म्हणून वर्षांनंतरही थिनर लावला की तो पुन्हा विरघळतो. सिंथेटिक इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो. हाताला कोरडा लागला, तरी आतून पक्का व्हायला त्याला आठवडे लागतात. टू-के रंग हार्डनरशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने पक्का होतो आणि एकदा पक्का झाला की साध्या थिनरला दाद देत नाही.

गेल्या साठ वर्षांत तीन-चार वेळा रंगवलेल्या गाडीवर हे तिन्ही प्रकार एकावर एक असू शकतात. त्यांच्यामध्ये प्रायमर असतो, लांबी असते, कुठे तरी जुना गंजही असतो. नव्या गाडीवर कारखान्यातून येणाऱ्या सगळ्या थरांची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर ती ३०० च्या घरात जाऊ शकते, आणि जिथे लांबी भरली आहे तिथे जाडी मोजायचं मीटर हजाराच्या पुढचा आकडाही दाखवतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

म्हणूनच काम सुरू होण्याआधी आतल्या बाजूच्या एखाद्या कोपऱ्यात थिनरचा बोळा घासून पाहायला हवा. रंग विरघळून बोळ्यावर आला तर तो लॅकर आहे. सुरकुतला तर पक्का न झालेला इनॅमल आहे. काहीच झालं नाही तर टू-के किंवा भट्टीत तापवलेला रंग आहे. दोन मिनिटांची ही चाचणी न करता जुन्या इनॅमलवर तीव्र थिनरचा रंग मारला, की खालचा थर उचलला जातो आणि सुरकुत्या पडतात. अशा वेळी "जुन्या रंगामुळे झालं" हे गॅरेजचं म्हणणं खरं असलं, तरी जुना रंग तपासणं हे त्यांच्याच कामात येतं.

दोष कसा वाचायचा

काही दोष गाडी ताब्यात घेतानाच दिसतात. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, म्हणजे ऑरेंज पील, हा स्प्रे गनचा दाब, रंगाचा दाटपणा, अंतर किंवा तापमान चुकल्याने येतो. गन फार जवळ धरली किंवा एका वेळी जास्त रंग सोडला की ओघळ येतात. रंगात बसलेली धूळ उघड्या जागेत काम झाल्याचं सांगते. हे तिन्ही वरच्या थराचे दोष आहेत. वर पुरेसा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, असेल तर बारीक वॉटर पेपर आणि कंपाउंडने ते निघतात. पण क्लिअरची जाडी साधारण ४० ते ६० मायक्रॉनच असते. प्रत्येक घासणीत त्यातला काही भाग जातो, म्हणून "पुन्हा एकदा पॉलिश मारून देतो" हा उपाय फार वेळा चालत नाही. पॉलिश करण्याआधी क्लिअरचे किती कोट मारले होते, हे विचारायलाच हवं.

रंगात गोल खड्डे पडून खालचा थर दिसत असेल तर त्याला फिश आय म्हणतात. पत्र्यावर राहिलेलं सिलिकॉन, मेण किंवा कंप्रेसरच्या हवेतून आलेलं तेल ही त्याची कारणं. डॅशबोर्ड चकचकीत करायच्या फवाऱ्यातलं सिलिकॉनही त्याला पुरतं. सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर कोट घाईघाईने एकावर एक मारले गेले आणि आत अडकलेलं थिनर वरचा थर फोडून बाहेर पडलं, असं समजावं. हे दोन्ही दोष पॉलिशने जात नाहीत. तो भाग घासून पुन्हा रंगवावाच लागतो.

दुसरा गट आठवड्यांनी, महिन्यांनी दिसणाऱ्या दोषांचा. यातच खरे वाद होतात.

पहिला दोष म्हणजे थर बसणं. गाडी दिली तेव्हा पृष्ठभाग सपाट होता, महिन्या-दीड महिन्याने लांबीचा काठ आणि पेपरचे ओरखडे वर उमटले. प्रायमर पुरता वाळण्याआधीच त्यावर रंग चढवला गेला, हे त्याचं कारण. गाडी देण्याची घाई कोणी केली, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. लग्नाचा मुहूर्त किंवा रॅलीची तारीख गाठायला मालकानेच तगादा लावला असेल, तर तेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

दुसरा दोष फोडांचा, आणि कोकण-मुंबईच्या हवेत तो सगळ्यांत जास्त त्रास देतो. फोड टाचणीने फोडून पाहा. खाली लालसर गंज असेल तर पत्रा नीट साफ झाला नव्हता. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून तो खालून रंगाला उचलतो. फोडाखाली लांबी दिसली आणि तिच्यात ओल असली तर गोष्ट वेगळी. पॉलिस्टर लांबीत टाल्कसारखी भुकटी असते आणि उघडी लांबी पाणी शोषते. आपल्याकडच्या अनेक गॅरेजांत लांबी पाणी मारून घासायची सवय आहे. ती पूर्ण न वाळवता वर प्रायमर चढवला की पाणी आत कोंडतं. उन्हात गाडी तापली की त्याची वाफ होते आणि फोड येतो. पावसाळ्यात कंप्रेसरच्या हवेतच ओल असते. टाकीतलं पाणी रोज सोडलं नाही आणि नळीवर पाण्याचा सापळा नसला, तर ते पाणी थेट रंगात जातं.

तिसरा दोष म्हणजे पोपडे. नखाने उचलल्यावर रंग पापुद्र्यासारखा निघत असेल तर खालचा थर पुरेसा घासलेला नाही, किंवा दोन कोटांमधलं अंतर चुकलं आहे. काचेच्या रबराच्या, बीडिंगच्या किंवा हँडलच्या कडेपासून पोपडा सुटत असेल, तर ते भाग न काढता नुसता टेप लावून रंग मारला, याचा तो पुरावा आहे. गाडी 'पूर्ण खोलून' रंगवायची असं ठरलं असेल, तर हा करारभंगच आहे.

पावसाळ्यात लॅकर मारला की कधीकधी त्यावर दुधाळ छटा येते. थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. जुन्या गाडीला मूळचा लॅकरच हवा असेल, तर काम कोरड्या हवेच्या महिन्यांत ठेवलेलं बरं.

मालकाकडून होणारे दोषही असतात. ताज्या रंगावर प्लास्टिकचं कव्हर टाकून गाडी आठवडाभर झाकणं, पहिल्या महिन्यातच मेण लावणं, पक्ष्यांची विष्ठा उन्हात तशीच राहू देणं, यांचे डाग रंगात कायमचे बसतात. गॅरेजशी बोलायला जाण्याआधी आपल्या बाजूचं हे सगळं तपासून जावं.

ताबा घेण्यापूर्वी

गाडी रात्री किंवा पाऊस पडत असताना ताब्यात घेऊ नये. ओल्या पत्र्यावर निम्मे दोष झाकले जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात गाडीभोवती फिरावं. मग सावलीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर पाहावं. ट्यूबची सरळ रेघ जिथे वाकडी होते तिथे पत्रा किंवा लांबी सपाट नाही. रंगाची छटाही उन्हात आणि ट्यूबलाइटमध्ये, दोन्हीकडे पाहावी, कारण एका प्रकाशात जुळलेले दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. दारं, डिकी, बॉनेट उघडून कडा पाहाव्यात. चाकांच्या वरच्या कमानी आणि दारांखालच्या पाणी निघायच्या भोकांवर बोट फिरवावं. ही भोकं लांबीने बुजली असतील तर दार आतून गंजणार, हे नक्की.

कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं तर जाड लांबीच्या जागी ओढ कमी झालेली लगेच जाणवते. पद्मिनी आणि ॲम्बेसेडर दोन्हींचा पत्रा पोलादी असल्यामुळे ही युक्ती तिथे चालते. जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तमच. लांबी साधारण २-३ मिलिमीटरपेक्षा जाड नसावी. त्याहून खोल खड्डा हातोडीने काढायचा असतो, लांबीने भरायचा नसतो.

मात्र अपेक्षा योग्य असायला हव्यात. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून निघालेल्या पद्मिनीचा किंवा उत्तरपाड्याच्या ॲम्बेसेडरचा कारखान्यातला रंगही आजच्या गाडीसारखा आरसा नव्हता. साध्या इनॅमलची मऊ चकाकी हवी होती आणि मिळाली जाड, काचेसारखी क्लिअर, तर तोही दोषच आहे. आणि साध्या इनॅमलचे पैसे देऊन आरसा मागणं, हेही न्यायाचं नाही.

गॅरेजशी बोलताना

बोलणं सकाळी लवकर किंवा काम आवरायच्या वेळी करावं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत, इतर कारागिरांसमोर कोणाच्या कामाला नावं ठेवली की समोरचा आधी स्वतःची अब्रू सांभाळतो, आणि दोष राहतो बाजूला. "तुम्ही वाट लावली" म्हणण्याऐवजी असं म्हणून पाहावं: "शेठ, डाव्या दाराच्या खालच्या कडेला फोड आहेत. एक फोडून पाहिला, खाली लांबी ओली आहे. हे फोटो. आता यावर काय करायचं ते तुम्ही सांगा." यात आरोप नाही, निरीक्षण आहे. अनुभवी पेंटरला ओली लांबी दिसली की तो सहसा जास्त वाद घालत नाही.

त्यानंतर उपाय नेमका ठरवून घ्यावा. कोणता भाग कुठपर्यंत उतरवायचा, मजुरी कोणाची, मालाचा खर्च कोणाचा, किती दिवसांत, हे सगळं व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी असावं. फोड आलेल्या जागी नुसता 'टच-अप' स्वीकारू नये. खालची ओल किंवा गंज तसाच राहिला तर पुढच्या पावसात तो फोड पुन्हा येणार. उलट ऑरेंज पीलसाठी अख्खं दार पत्र्यापर्यंत उतरवायचा हट्ट धरणंही चूक आहे. आणि जिथे काम चांगलं झालं आहे, तिथे तेही बोलून दाखवावं.

गॅरेजची बाजूही खरी असते. जुना रंग काढेपर्यंत आत किती गंज आहे हे कोणालाच सांगता येत नाही. दरवाजाचं खालचं टोक उघडल्यावर तिथे पत्राच उरलेला नाही असं दिसतं आणि खर्च वाढतो. पण वाढलेल्या कामाची खबर वेळीच फोटोसह द्यायला हवी. मालकाला विचारल्याशिवाय पत्र्याची चाळणी लांबीने झाकली असेल, तर "पत्रा जुना आहे" हे कारण चालणार नाही. जुना पत्रा हाताळायलाच तर गॅरेजवाले पैसे घेतात.

बोलणी फिसकटली तर

पैशाचा वाद पेटला की काही मालक गाडी जबरदस्तीने घेऊन जायचा विचार करतात. तसं करू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, एखाद्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला, तसा वेगळा करार नसेल तर, आपला देय मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क आहे. त्याच कायद्याच्या कलम १५१ नुसार, ताब्यातल्या वस्तूची साधारण सुज्ञ माणसासारखी काळजी घेणं हे त्याचं कर्तव्यही आहे. म्हणजे पावसात उघड्यावर उभ्या ठेवलेल्या अर्धवट गाडीचा जाब मालक मागू शकतो. गाडी सोडवणं निकडीचं असेल तर रक्कम भरावी आणि "दोषांबाबतची माझी हरकत कायम ठेवून ही रक्कम देत आहे" असं लेखी कळवावं. कच्च्या बिलावर रोख देऊ नये. पक्कं बिल आणि बँकेतून दिलेली रक्कम हाच पुढे आपला आधार असतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवेतील त्रुटी'ची व्याख्या आहे आणि सदोष रंगकाम तिच्यात बसतं. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीचं शुल्क नाही. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. त्यामुळे गाडी दुसऱ्या शहरात रंगवली असली तरी अडत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते, आणि दोन्ही बाजू तयार असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. एक अट ध्यानात ठेवावी. गाडी लग्नांना, चित्रीकरणांना भाड्याने देण्याचा धंदा असेल तर सेवा व्यावसायिक कारणासाठी घेतली असं म्हटलं जाऊ शकतं. स्वतःच्या उपजीविकेसाठी केलेल्या स्वयंरोजगाराला त्यातून सूट आहे.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, पुरावा नोंदवण्याआधी दुसऱ्या गॅरेजला गाडीला हात लावू देऊ नये. रंग खरवडला की दोष गेला, आणि त्याबरोबर तक्रारही गेली. आधी तारखेसह फोटो, जाडीची मोजमापं आणि एखाद्या जाणकाराचा लेखी अभिप्राय घ्यावा. मग पहिल्या गॅरेजला दुरुस्तीची मुदत देणारी लेखी नोटीस पाठवावी आणि त्यानंतरच पुढचं पाऊल टाकावं.

वाद होऊच नये म्हणून

वर सांगितलेले बहुतेक वाद कामाआधीच्या दोन पानांत टळतात. त्या पानांत इतकं असावं: गाडी पूर्ण खोलायची की नाही, जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवायचा का, कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या जातीचा प्रायमर, रंग आणि क्लिअर, किती कोट, रंगाची छटा कशावरून जुळवायची, हमी किती महिन्यांची आणि कोणत्या दोषांची. छटा जुळवायला ग्लोव्हबॉक्सच्या आतला किंवा डिकीच्या मॅटखालचा, ऊन न लागलेला मूळ रंग सगळ्यांत विश्वासाचा. छटा बदलायचीच असेल तर आरसीवर रंगाची नोंद असते हे लक्षात ठेवून आरटीओत आधी विचारून घ्यावं.

पैसे टप्प्यांनी द्यावेत आणि प्रत्येक टप्पा डोळ्यांनी पाहून द्यावेत: पत्रा उघडा झाल्यावर, वेल्डिंग झाल्यावर, प्रायमर चढल्यावर, रंग झाल्यावर. शेवटचा एक भाग महिनाभरानंतर द्यायचं ठरवलं तर थर बसल्याचा दोष गॅरेजलाही वेळेत दिसतो. पत्रा उघडा असतानाचे फोटो सगळ्यांत मोलाचे. तो पत्रा पुन्हा कधी दिसणार नसतो. दमट हवेत उघड्या पत्र्यावर काही तासांतही गंजाची छटा येते, म्हणून साफ केल्यावर लगेच इपॉक्सी प्रायमर मारायचा, हेही लिहून घ्यावं.

एक गोष्ट दर ठरवताना मनात असू द्यावी. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचे फवारे श्वासात गेल्याने रंगाऱ्यांना दम्याचा आजार जडू शकतो. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा, हवा खेचणारं बंदिस्त बूथ, प्रायमर वाळायला दिलेले दिवस, या सगळ्याला पैसे लागतात. नाकाला रुमाल बांधून रस्त्याकडेला रंग मारणाऱ्या माणसाकडून स्वस्तात काम करून घ्यायचं आणि मग त्यात धूळ बसली म्हणून भांडायचं, हे माणुसकीला धरून नाही आणि गाडीच्याही हिताचं नाही.

मुंबईतल्या शेवटच्या काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं होतं. दुसरीकडे, २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या फियाट आता त्या वयात आल्या आहेत. या गाड्यांचा पत्रा पुन्हा कुठे दाबला जाणार नाही. म्हणून चांगल्या कामासोबत त्या कामाची नोंदही ठेवायला हवी: कोणत्या जागी किती लांबी आहे, कोणता प्रायमर, कोणता रंग, कोणी आणि कधी मारला. ही फाइल मालकाला वादात उपयोगी पडते, गॅरेजला खोट्या आरोपातून वाचवते, आणि वीस वर्षांनी याच गाडीवर काम करणाऱ्या कारागिराला पहिल्या दिवशीच सांगते की खाली काय आहे. रंगकामाचा करार करताना ही फाइल मागायची आणि गाडी विकताना ती गाडीबरोबर द्यायची, एवढी शिस्त जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी स्वतःला लावून घ्यावी.